डोंगरावरच्या रिपीटरला केबल कुठली घालावी? पाऊस लागला की रिपीटरला ऐकूच येईना

सह्यकडा_१४५

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लावतोय पण सगळं एकदम सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको. आमच्या हॅम रेडिओ ग्रुपचा टू मीटरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) रिपीटर आहे, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच लगेच दुसरीवर परत सोडणारा सेट, सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर. ऑफसेट नेहमीचा, मायनस ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे इनपुट (ऐकायची) फ्रिक्वेन्सी बोलायच्या फ्रिक्वेन्सीच्या तेवढी खाली. सेटमधून ३० वॅट निघतात, पुढे सहा कॅव्हिटीचा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर), टॉवर ३० मीटरचा, आणि खोलीतलं वळण वगैरे धरून केबल ४० मीटर. केबल आरजी-२१३ आहे, आठ वर्षांपूर्वी टाकलेली, दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर. वर फायबरग्लासचा कोलिनिअर अँटेना.

आधी खाली खोऱ्यातनं ५ वॅटच्या हँडीवर (हातातल्या सेटवर) सुद्धा रिपीटर आरामात उघडायचा. गेली दोन वर्षं असं झालंय की रिपीटर आम्हाला ऐकू येतो पण आमचं त्याला जात नाही, आणि गेलं तरी आवाजात खर्र खर्र. उन्हाळ्यात जरा बरं असतं, मृग लागला की बिघडतं. आणि आम्हाला तो नेमका पावसातच लागतो हो. दरड आली, लाईट गेली की खोऱ्यातले मोबाईल टॉवर बॅटरी संपेपर्यंत चालतात आणि मग बंद. मागच्या जुलैत दोन दिवस आमच्याकडे बाहेर निरोप पाठवायला हा रिपीटर सोडून काही नव्हतं आणि निम्मे निरोप तीन तीनदा सांगायला लागले.

तर वर्गणी काढून केबल बदलायचं ठरलंय. तीन पर्याय समोर आहेत. एक, नवीन आरजी-२१३. दोन, एलएमआर-४०० टाईपची केबल, लॉस (केबलमध्येच मुरणारी पॉवर) कमी आहे आणि वजनाला हलकी. तीन, एका ओळखीतनं मोबाईल टॉवरवरचा उतरवलेला सात-अष्टमांश इंची फीडर मिळतोय, पण तो वाकत नाही, वर चढवायचा कसा हाही प्रश्नच आहे. एसडब्ल्यूआर (वर पाठवलेली पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) खाली १.४ येतो म्हणजे अँटेना ठीक असावा. काय करू?

पेठेतला_हॅम

दादा ४०० टाईप घ्या डोळे झाकून. माझ्या घरी गच्चीवर पाच वर्षं आहे, १४५ ला १०० मीटरला ५ डीबी लॉस, तुमच्या आरजी-२१३ ला साडेआठच्या आसपास. म्हणजे ४० मीटरला तुमचे ३.४ डीबी जातायत ते २ डीबीवर येतील. सात-अष्टमांशच्या मागे लागू नका, पाठ मोडेल.

कोल्हापूर_आरएफ

थांबा थांबा, पैसे देऊ नका अजून कुणाला.

पेठेतल्या मित्राचा आकडा बरोबर आहे आणि घरच्या स्टेशनला ती केबल खरंच चांगली आहे, पण घरचं स्टेशन आणि रिपीटर यात एक मोठा फरक आहे. घरी आपण बोलतो तेव्हा ऐकत नाही आणि ऐकतो तेव्हा बोलत नाही. रिपीटर दोन्ही एकदम करतो, एकाच अँटेनावर, एकाच केबलमधून. तुमच्या सेटमधून ३० वॅट बाहेर पडतायत आणि त्याच वेळी रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल शोधतोय. या दोन्हीतला फरक १६४ डीबीच्या आसपास भरतो, म्हणजे पॉवरच्या हिशेबात एकावर सोळा शून्यं आणि वर थोडं. ढोल-ताशाचं पथक कानाशी वाजतंय आणि सुई पडल्याचा आवाज टिपायचाय असं समजा. डुप्लेक्सर आपल्याकडून हे काम करतोच, पण त्याची हद्द त्याच्या अँटेना पोर्टापर्यंत. त्या पोर्टाच्या पुढे, म्हणजे केबलमध्ये, कनेक्टरमध्ये, अँटेनात, जो काही आवाज तयार होईल तो सरळ तुमच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर पडतो आणि डुप्लेक्सर त्याला गुपचूप आत सोडतो, कारण इनपुट फ्रिक्वेन्सी आत सोडणं हेच तर त्याचं काम.

हा आवाज होतो कुठून, तर जिथं धातूला धातू नुसता टेकलेला असतो तिथून. ४०० टाईप केबलमध्ये आत ॲल्युमिनियमची फॉइल असते आणि तिच्यावर कथील चढवलेल्या तांब्याची जाळी. दोन वेगळे धातू, एकमेकांवर नुसते टेकलेले. नवीन असताना बरेचदा काहीच जाणवत नाही. मग वाऱ्यानं केबल हलत राहते, आत थोडी ओल जाते, फॉइलवर ऑक्साईडचा थर येतो, आणि ३० वॅटचा करंट त्या हजारो बारीक टेकण्यांमधून उड्या मारत जायला लागतो. लॉस मीटरवर काही दिसत नाही, एसडब्ल्यूआर छान, आणि रिसीव्हर मात्र बहिरा. आम्ही एका डोंगरावर फॉइल-जाळीची केबल टाकली होती, पहिला पावसाळा उत्तम गेला, दुसऱ्या वर्षी वारा सुटला की रिपीटर खोकायला लागायचा. चार महिने आम्ही डुप्लेक्सर ट्यून करत बसलो होतो, तो बिचारा ठीकच होता.

म्हणून रिपीटरला केबल निवडताना लॉसचा आकडा दुसरा बघायचा. पहिलं बघायचं की ती शांत आहे का. शांत म्हणजे एक तर बाहेरची बाजू सलग तांब्याची नळी असलेला हार्डलाईन, म्हणजे हाफ इंच किंवा सात-अष्टमांश, नाहीतर दोन्ही जाळ्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, आरजी-२१४ सारखी.

पण मुळात तुमचा आजार केबलचाच आहे हे कशावरून? आधी ही टेस्ट करा, काही खर्च नाही. खोऱ्यातल्या एका लांबच्या माणसाला कमी पॉवरवर बोलत ठेवा, इतकं कमी की रिसीव्हरला कसाबसा ऐकू येईल. तुम्ही वर खोलीत रिसीव्हरचा आवाज थेट स्पीकरवर ऐका आणि ट्रान्समीटर चालू बंद, चालू बंद करा. ट्रान्समीटर बंद केल्यावर त्याचा आवाज स्वच्छ होत असेल तर डिसेन्स आहे, म्हणजे आपलाच ट्रान्समीटर रिसीव्हरला बहिरा करतोय. मग अँटेनाची केबल काढा, डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टाला चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर) लावा, मध्ये टी-कपलर घालून त्यातून तसाच बारीक सिग्नल सोडून परत तेच करा. डमी लोडवरही डिसेन्स राहिला तर दोष खोलीत आहे, डुप्लेक्सर किंवा जम्पर (सेट आणि डुप्लेक्सर जोडणारे केबलचे छोटे तुकडे). नाहीसा झाला तर दोष वर आहे. इतकं साधं आहे हे, आणि तरी बहुतेक लोक हे न करता केबल विकत घेतात.

आणि १.४ एसडब्ल्यूआरवर अजिबात विश्वास ठेवू नका. केबल जितकी खराब तितका एसडब्ल्यूआर खाली चांगला दिसतो! वर गेलेली पॉवर वाटेत खाल्ली जाते, परत आलेली परत येताना खाल्ली जाते, मीटरला वाटतं काही परत आलंच नाही. वर ३ चा एसडब्ल्यूआर असेल तरी ३.४ डीबी लॉसच्या केबलच्या खालच्या टोकाला तो १.६ दिसतो. नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल कुणाकडे तर वरचा अँटेना काढा, केबलचं टोक मोकळं सोडा आणि खालून रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डीबी कमी) मोजा. जो आकडा येईल त्याचा निम्मा म्हणजे तुमच्या केबलचा खरा लॉस.

नाशिकची_वायएल

वरचं सगळं पटलं, त्यात एक भर. जम्परांकडे बघा. कॅबिनेटमध्ये ट्रान्समीटर ते डुप्लेक्सर आणि डुप्लेक्सर ते रिसीव्हर हे तुकडे फार लोक साध्या आरजी-५८ चे लावतात, "अर्ध्या मीटरला कसला लॉस" म्हणून. लॉसचा मुद्दाच नाहीये, एकाच पातळ जाळीतून सिग्नल गळतो. दोन जम्पर शेजारी शेजारी बांधलेले असतील तर ट्रान्समीटरची पॉवर डुप्लेक्सरला वळसा घालून सरळ रिसीव्हरमध्ये. तिथं आरजी-१४२ नाहीतर आरजी-४०० लावा, डबल जाळी, चांदीचा मुलामा, टेफ्लॉन. आणि कॅव्हिटीच्या मधल्या केबलींना हात लावू नका, त्यांची लांबी मोजूनमापून ठरवलेली असते, त्या बदलल्या तर सगळं ट्यूनिंग गेलं.

पीएल-२५९ पण काढाच. त्यात पाणी थांबवायला रबरी रिंगच नसते. एन टाईप घ्या, चांदीचा मुलामा किंवा व्हाईट ब्राँझ बघून. चकचकीत निकेलवाले नको, निकेल चुंबकीय धातू आहे, डुप्लेक्स कामात तोही आवाज करतो. आणि अडॅप्टरवर अडॅप्टर अशी आगगाडी करू नका प्लीज, एक अडॅप्टर म्हणजे अजून दोन सांधे.

सह्यकडा_१४५

मंडळी फार आभार, काल रविवारी वर जाऊन आलो, चौघं होतो, पावसानं दुपारी दोन तास उघडीप दिली. कोल्हापूर काका तुम्ही सांगितलं तसंच केलं, एका इंजिनिअरिंग कॉलेजातनं टेस्ट सेट एक दिवस मागून आणला होता.

डमी लोडवर: ट्रान्समीटर चालू असो बंद असो, काही फरक नाही. एकदम स्वच्छ. म्हणजे डुप्लेक्सर आणि खोली ठीक (जम्पर आरजी-५८ चेच आहेत तरी, ते बदलतो).

अँटेनावर: ट्रान्समीटर चालू केला की तोच सिग्नल ऐकू यायला १० ते १२ डीबी जास्त द्यायला लागतो. आणि एकानं टॉवरच्या पायाशी केबल धरून नुसती हलवली तर रिसीव्हरमध्ये कर्र कर्र, आम्ही सगळे बघतच राहिलो.

मग आमचा एक पोरगा वर चढला, त्याच्याबरोबर डमी लोड पाठवला आणि अँटेना काढून केबलच्या वरच्या टोकाला लावला. आवाज तसाच! म्हणजे अँटेना नाही, केबलच. शेवटी वरचं टोक मोकळं ठेवून नॅनोव्हीएनए लावला, रिटर्न लॉस १३ डीबी. निम्मे साडेसहा. अँटेना लावलेलाच नाहीये आणि एसडब्ल्यूआर १.६ दाखवतोय, हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर खरं वाटलं नसतं. वरचा पीएल-२५९ उघडला तर आत हिरवं-काळं झालेलं, आणि जाळी फूटभर सोलली तरी काळीच.

डुप्लेक्सरच्या पुढे आमचे २१ वॅट असतात, त्यातले वर पावणेपाचच पोचत होते म्हणजे. दोन वर्षं.

आता हार्डलाईनच घ्यायचा हे नक्की झालं. पण सात-अष्टमांश की हाफ इंच? आणि जुना उतरवलेला घ्यावा का?

रत्नागिरी_किनारा

मध्येच विचारतो, आमच्याकडे केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ आणि आरजी-११ भरपूर पडून आहे, ती ७५ ओहमची असली तरी चालेल का? एसडब्ल्यूआर दीडच होतो ना?

कोल्हापूर_आरएफ

@रत्नागिरी, एसडब्ल्यूआरचं गणित बरोबर आहे आणि घरी नुसतं ऐकायला ती उत्तम, पण रिपीटरला नको. त्यातही ॲल्युमिनियमची फॉइल आणि जाळीच असते, परत तोच आवाज. शिवाय तुमच्याकडे खारा वारा.

@सह्यकडा, शाब्बास, डमी लोड वर पाठवलात हे फार छान केलंत, तिथंच सगळा निकाल लागला. जाळी काळी का झाली ते सांगतो. वरच्या कनेक्टरमधून पाणी शिरलं की जाळी दिव्याच्या वातीसारखी ते ओढत खाली नेते. एक फूट कापा, दोन फूट कापा, आत ओलच असते. म्हणून ती केबल कापून छोटे तुकडे करून पण कुठे वापरू नका, सरळ भंगारात.

सात-अष्टमांश की हाफ इंच. १४५ ला १०० मीटरला हाफ इंचाचा लॉस २.८ डीबी आणि सात-अष्टमांशचा दीड. तुमच्या ४० मीटरला १.१ आणि ०.६. म्हणजे फरक अर्ध्या डीबीचा, कुणाच्याही कानाला कळणार नाही. आणि त्या अर्ध्या डीबीसाठी मीटरला अर्धा किलो याप्रमाणे वीस किलो तांबं टॉवरवर टांगायचं, वाऱ्याला जवळजवळ दुप्पट जाडी द्यायची, आणि २५० मिलीमीटरपेक्षा लहान वळण घेता येत नाही म्हणून खोलीच्या भिंतीला मोठं भोक पाडायचं. हाफ इंच ९ किलोत बसतो आणि १२५ मिलीमीटरचं वळण घेतो. तुम्ही ४३५ मेगाहर्ट्झवर असता किंवा टॉवर ८० मीटरचा असता तर मी सात-अष्टमांशच म्हटलं असतं. इथं हाफ इंच.

जुना घ्यायला माझी ना नाही, आमचा स्वतःचा जुनाच आहे. पण बघून घ्या. पूर्ण लांबी हातातून सरकवत जा, कुठे चेपलंय किंवा मुडपलंय असं लागलं तर तो भाग गेला, नळी एकदा मुडपली की सरळ केली तरी तिथं इम्पीडन्स बिघडलेला राहतो. टोकं फूटभर कापा आणि आतलं तांबं बघा, लालसर चकचकीत हवं. मग टोक मोकळं ठेवून तोच रिटर्न लॉस मोजा, आता तुम्हाला जमतंच. आणि काळ्या आवरणावर छापलेला कंपनीचा मॉडेल नंबर टिपून घ्या, कारण कनेक्टर त्या त्या मॉडेलचाच लागतो. सगळे हाफ इंच सारखे नसतात, एकाचा कनेक्टर दुसऱ्याला ओढूनताणून बसवला की झालं परत तेच. त्यातही जो खूप वाकतो तो सुपरफ्लेक्स वेगळा, त्याचा लॉस जास्त, तो जम्परपुरता ठीक.

कनेक्टर बसवायचं काम खाली, कोरड्यात, टेबलावर करा. वर लटकत करू नका. नळी कापल्यावर तांब्याचा कीस फोमवर पडतो तो ब्रशनं झाडून काढा, एक कण राहिला तरी पुढे खरखर देतो. आणि दोन पान्यांनी आवळा, एक धरायला एक फिरवायला, केबल पिळली जाता कामा नये.

नाशिकची_वायएल

वॉटरप्रूफिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून, कारण घाटमाथ्यावर महाबळेश्वर पट्ट्यात पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथं इन्शुलेशन टेपचे दोन वेढे म्हणजे काहीच नाही. आधी तो रबरी टेप जो ताणून गुंडाळला की स्वतःलाच चिकटून एकजीव होतो, त्याचे थर. त्यावर चांगला काळा व्हिनाइल टेप, कारण रबर उन्हानं तडकतं. आणि शेवटचा थर खालून वर गुंडाळत जायचा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो, कौलं शाकारतात तसं. वरून खाली गुंडाळला तर प्रत्येक वेढ्याची कड पाण्याला आत बोलावते. सिलिकॉन नको, काहींतून व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते आम्ल तांबं खातं.

खोलीत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल. टॉवरला दर मीटरला क्लॅम्प, आणि पांढरे प्लॅस्टिकचे टाय अजिबात नको, दोन उन्हाळ्यात तुटतात. टॉवरचे गंजके बोल्ट आणि लोंबणाऱ्या जुन्या तारा दिसल्या तर त्याच फेरीत काढा, अँटेनाजवळचा गंजका सांधा पण असाच आवाज करतो. अर्थिंग किट वर एक आणि टॉवर सोडताना खाली एक, शिवाय खोलीच्या तोंडाशी गॅस ट्यूबवाला अरेस्टर, वळिवाच्या विजा तुमच्याकडे चुकत नाहीत.

आणि माकडं. खालच्या तीन मीटरला जीआय पाइपमधून न्या.

पेठेतला_हॅम

कोल्हापूर काका, मी गच्चीवरच्या अनुभवावरून बोललो होतो, हे डुप्लेक्सचं अंग मला माहीत नव्हतं. धन्यवाद. सह्यकडा, हाफ इंचाचे एन कनेक्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात का ते मी बघतो, तुमच्या केबलचा नंबर टाका इथं. हात लागत असतील तर पुढच्या फेरीला मी येतो.

सह्यकडा_१४५

तीन आठवड्यांनी लिहितोय, काम झालं. जुना हाफ इंच ५० मीटरचं भेंडोळं मिळालं, एके ठिकाणी चेपलेलं निघालं ते टोकाकडे होतं म्हणून कापून ४२ मीटर चांगला उरला. कनेक्टर पेठेतल्या मित्रानं आणले आणि स्वतः आले पण, दोन्ही कनेक्टर त्यांनीच खाली शाळेच्या खोलीत बसवले. वर चढवताना केबल कनेक्टरला धरून ओढली नाही, दोरीला तीन ठिकाणी बांधून सरकवत नेली. जम्पर सगळे आरजी-१४२ चे केले. जीआय पाइप घातला.

आकडे. मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस २.४ डीबी, म्हणजे लॉस १.२. वर आता १६ वॅट पोचतायत. अँटेना लावून एसडब्ल्यूआर १.५ आला, आधीपेक्षा जास्त, आणि आता कळतंय की हाच खऱ्याच्या जवळचा आकडा. ट्रान्समीटर चालू-बंद टेस्टमध्ये फरक शून्य. केबल धरून गदागदा हलवली, रिसीव्हर गप्प.

काल रात्री इकडे धो धो पाऊस होता आणि खोऱ्यातल्या शेवटच्या वाडीतनं आमच्या मास्तरांनी ५ वॅटच्या हँडीवर घरात बसून कॉल दिला. पहिल्या हाकेला उघडला. मी तीनदा विचारलं बाहेर आलात का म्हणून, ते म्हणाले नाही, चुलीपाशी बसलोय.

अँटेनाचा तो १.५ कमी करायच्या मागे लागावं का?

कोल्हापूर_आरएफ

नको. १.५ ला चार टक्के पॉवर परत येते, तेवढ्यासाठी पावसात कुणाला वर चढवू नका. दिवाळीनंतर एकदा बघा. त्यापेक्षा आत्ताचे सगळे आकडे, मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस, अँटेनासकटचा रिटर्न लॉस, तारीख, कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या मे महिन्यात अँटेनासकटचा परत मोजा, आकडा बदललेला दिसला तर पावसाआधी वरचा सांधा उघडून बघा.

मास्तरांना ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा) सांगा.